स्टिकर १००० केव्हीचे, मोटर २२०० केव्हीची

माझे गाव वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आहे. पऱ्हाट्या उपटून झाल्या की आमचे वावर मोकळे होते आणि तेथे मी व गावातील आयटीआयला शिकणारी दोन मुले स्वतः बनवलेली रेडिओ कंट्रोल विमाने उडवतो. यंदा आम्ही फोमशीटचे कसरतीचे विमान तयार केले, ज्याचे वजन बॅटरीसह ५५० ग्रॅम भरले. असे विमान नाक वर करून हवेत उभे ठेवायचे असेल तर मोटरचा थ्रस्ट, म्हणजे प्रोपेलरची ओढ, वजनाच्या निदान दीडपट हवा आणि तो मोठ्या व्यासाच्या, कमी पिचच्या (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणाऱ्या) प्रोपेलरने मिळावा, कारण त्या प्रोपेलरची हवा शेपटीवरून वाहत राहिली तरच विमान जागच्या जागी वळवता येते. म्हणून २२१२ आकाराची १००० केव्हीची मोटर, १० × ४.५ इंचांचा (व्यास १०, पिच ४.५) प्रोपेलर आणि ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट, असा संच आम्ही ठरवला. येथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, तर भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला होणारे मोटरचे फेरे.

मोबाइलवर जाहिरात पाहून एका विक्रेत्याला १,९०० रुपये यूपीआयने आगाऊ पाठवले. नागपूरला जाण्याचा खर्च वाचला, याचेच तेव्हा समाधान वाटले होते.

पार्सल आल्यावर मोटर लाकडी फळीवर घट्ट बसवून, प्रोपेलर लावून, ३ सेलच्या बॅटरीवर पूर्ण थ्रॉटल दिला. दहा सेकंदांच्या आत वार्निश जळाल्याचा वास आला, ईएससीमधून धूर निघाला आणि थोड्या वेळाने १,७०० रुपयांची बॅटरीही फुगलेली दिसली. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "तुम्ही मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या." हे साफ खोटे आहे. ब्रशलेस मोटरच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन बदलल्या तर मोटर फक्त उलट दिशेने फिरते, जळत नाही. मी तसे सांगताच त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

त्या संध्याकाळी धाकट्या मुलाने मोटरवरचे स्टिकर नखाने खरवडले. खाली दुसरे स्टिकर होते, कडेने काळवंडलेले, आणि त्यावर २२०० केव्ही असे छापलेले होते. म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला ही मोटर दुपटीहून जास्त वेगाने फिरू पाहते. प्रोपेलर फिरवण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे दुप्पट झाले तर शक्ती आठपट लागते. प्रत्यक्षात भाराखाली फेरे तितके वाढत नाहीत, तरीही करंट मोटर आणि ईएससी या दोघांच्याही मर्यादेपलीकडे जातो. २२०० केव्हीची मोटर खोटी नसते, ती ६ इंचांच्या लहान प्रोपेलरसाठी असते. ती दुसऱ्या नावाने विकणे ही मात्र शुद्ध लबाडी आहे, आणि फळीऐवजी ती मोटर मुलांच्या हातातील विमानात पेटली असती तर काय झाले असते, या विचाराने मला अजून अस्वस्थ वाटते.

बॅटरी जोडण्यापूर्वीच हे तपासता येते. मोटरचा शाफ्ट ड्रिल मशीनमध्ये धरून फिरवावा आणि तीनपैकी दोन वायरींमधील एसी व्होल्टेज मोजावे. ड्रिलच्या मिनिटाच्या फेऱ्यांना त्या व्होल्टेजच्या १.४१ पटीने भागले की अंदाजे केव्ही मिळतो. आम्ही तशीच दुसरी मोटर, जी त्याने जोडीला पाठवली होती, मिनिटाला २८०० फेऱ्यांवर तपासली. १००० केव्हीला २ व्होल्टच्या आसपास दिसायला हवे होते, मीटरवर ०.९ दिसले. स्वस्त मीटरची एसीची सर्वांत लहान रेंज बहुधा २०० व्होल्टची असते, तिच्यावर हे वाचता येत नाही, म्हणून लहान रेंजचा मीटर कोणाकडून तरी मागून घ्यावा. त्यानंतरही पहिली चाचणी बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॅटमीटर (करंट व शक्ती दाखवणारे यंत्र) जोडून, लहान प्रोपेलरवर आणि अर्ध्या थ्रॉटलवरच करावी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. पैसे पाठवल्याची नोंद आणि दोन्ही स्टिकरांचे फोटो माझ्याकडे आहेत, परंतु पार्सल उघडतानाचे चित्रीकरण केले नाही. दुसरी मोटर मी तशीच, तिच्या स्टिकरला हात न लावता, बांधून ठेवली आहे.