'३५ मिलिअँपिअर फिक्स' म्हणून विकला जाणारा टॉर्चचा बोर्ड

ठाणे स्टेशनला पश्चिमेला सॅटिस पुलाखाली भेटायचं, टॉर्चचा बोर्ड ताब्यात घ्यायचा, यूपीआय करायचं आणि पुढची लोकल पकडायची. हातात धरायचा छोटा लाल लेझर बनवणाऱ्या पोरांना तो 'लो करंट लेझर ड्रायव्हर', म्हणजे डायोडला ठरलेलाच करंट देणारा बोर्ड, असा विकला जातो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची फेरी वाचते, म्हणून ऐरोली-वाशीकडची मुलंही तिथे येतात. विकणारा सांगतो, माल महापेच्या एका युनिटचा सरप्लस आहे, ३५ मिलिअँपिअर फिक्स. नुसतं सांगत नाही, करूनही दाखवतो. पिशवीतून १८६५० हा चार्ज होणारा लिथियम सेल निघतो, एक वॉटचा एलईडी निघतो, पिवळा डीटी ८३० मीटर २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर लागतो. आकडा ३५ च्या आसपास येतो आणि तिथेच थांबतो. लोक इथेच गंडतात, कारण मीटरवरचा आकडा खोटा नसतो.

बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरा. मागे चपटा पत्रा असलेली तीन पायांची चिप दिसेल, तिच्यावर ७१३५ छापलेलं असेल. शेजारी आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मोड सांभाळणारी चिप असेल. म्हणजे हा टॉर्चचा ड्रायव्हर आहे. एएमसी ७१३५ ही चिप साधारण ३५० मिलिअँपिअर सोडते, तिला मधलं काही येत नाही. 'लो' मोडमध्ये मायक्रोकंट्रोलर तिला दहातला एक भाग वेळ चालू ठेवतो आणि नऊ भाग बंद. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालतं. मीटर सरासरी काढतो आणि ३५ दाखवतो. डायोडला मात्र दर खेपेला पूर्ण ३५० चा दणका बसतो.

टॉर्चच्या एलईडीला याने काही होत नाही. ६५० नॅनोमीटरचा ५ मिलिवॉटचा लाल लेझर डायोड साधारण २० मिलिअँपिअरला पेटायला लागतो आणि २५ ते ४० मध्ये चालतो. नेमकी हद्द ज्याच्या-त्याच्या डेटाशीटमध्ये बघायची. ती ओलांडली की प्रकाश इतका दाटतो की डायोडच्या टोकाचा आरसाच जळतो, आणि त्याला मायक्रोसेकंदसुद्धा पुरतो. सरासरी कितीही कमी असली तरी उपयोग नाही. मेलेला डायोड विझत नाही, हे अजून वाईट: करंट तेवढाच घेतो, लाल मिणमिणतोही, पण लेन्स कितीही फिरवली तरी ठिपका जमत नाही. काही बोर्डांना मोडची आठवणही असते. बटणाचा संपर्क जरा हलला की बोर्ड 'हाय'वर जातो आणि ३५० सलग सोडतो.

तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'तुम्ही स्टॅटिकने मारला.' या उत्तरात दम आहे, म्हणूनच ते दिलं जातं. अंगावरच्या स्टॅटिकने, म्हणजे स्थिर विजेने, मेलेला डायोडही हुबेहूब असाच मिणमिणतो. डायोड गेला की तुमचा पुरावाही गेला. म्हणून ड्रायव्हरची परीक्षा डायोड लावण्याआधी, आणि मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून घ्यायची.

त्यासाठी लेझर डायोडच्या जागी लावायचा नकली लोड बनवा. १एन ४००७ चे तीन डायोड एका दिशेने सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले की ३० मिलिअँपिअरला साधारण सव्वादोन व्होल्ट पडतात, म्हणजे लाल लेझर डायोडइतकेच. त्यांच्याशी सीरिजमध्ये १ ओहमचा रेझिस्टर लावा आणि मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून त्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर धरा. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. मीटर थेट करंटच्या रेंजवर सीरिजमध्ये घालू नका. प्रोब सैल झाली की सर्किट तुटतं-जुळतं, आणि खऱ्या डायोडच्या बाबतीत तेवढ्यानेही घात होतो.

आता त्याच रेझिस्टरवर जुना वायरचा हेडफोन १ किलोओहममधून लावा. खरा करंट ड्रायव्हर असेल तर जोडताना एक टिक, मग शांत. टॉर्चचा बोर्ड गुणगुणतो किंवा शिट्टी मारतो. कानाला काही कळलं नाही तर नकली लोडच्या जागी एलईडी लावून मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/४००० ला न्या. चित्रात आडवे पट्टे आले की समजायचं. कुणाकडे डीएसओ १३८ सारखा स्वस्त स्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र, असेल तर वादच मिटतो: सपाट रेघेऐवजी साधारण ३५० मिलिव्होल्टचे सुळके उभे दिसतात.

दुसरी लबाडी इतकी हुशारीची नाही, पण खपते भरपूर. काळ्या इपॉक्सीत बुडवलेली, दोन लाल आणि दोन काळ्या वायरींची गोळी. फोडली तर आत एकटा ४७ ओहमचा रेझिस्टर. उतरलेल्या ३.६ व्होल्टच्या सेलवर त्यातून ३० मिलिअँपिअर जातात आणि सगळं छान दिसतं. सेल ४.२ पर्यंत चार्ज केला की तेच ४३ होतात. डायोड बरोबर चार्जिंगनंतर मरतो आणि बिचारा माणूस चार्जरला शिव्या घालतो. गोळी फोडायची गरज नाही. नकली लोडवर एकदा उतरलेला आणि एकदा भरलेला सेल लावून बघा. खऱ्या ड्रायव्हरचा आकडा एखाद-दुसऱ्या मिलिअँपिअरपलीकडे हलत नाही.

खरं म्हणजे ३० मिलिअँपिअरसाठी ड्रायव्हर विकत घ्यावा, असं त्यात काही नाही. एका लिथियम सेलवर चालवायचं तर बीसी ५४७ चे दोन ट्रान्झिस्टर, २२ ओहम आणि ४.७ किलोओहम पुरतात. पहिल्याच्या कलेक्टरला लेझरची ऋण बाजू, एमिटरपासून ऋण वायरपर्यंत २२ ओहम. दुसऱ्याचा बेस त्या एमिटरला, कलेक्टर पहिल्याच्या बेसला, एमिटर ऋण वायरला. धन वायरपासून पहिल्याच्या बेसला ४.७ किलोओहम. साधारण ०.६५ व्होल्ट भागिले २२, म्हणजे २९-३० मिलिअँपिअर. ट्रान्झिस्टर तापले की करंट वाढण्याऐवजी थोडा उतरतो, जे लेझरला मानवतं.

एलएम ३१७ ही रेग्युलेटर चिप सगळे सुचवतात. १.२५ भागिले ३९ ओहम म्हणजे ३२ मिलिअँपिअर, हिशोब बरोबर आहे. पण लाल डायोडचे २.२, रेझिस्टरवरचे १.२५ आणि चिपला लागणारे दीडएक धरले तर किमान पाचएक व्होल्ट हवेत. एका सेलवर तो नीट चालणारच नाही. 'सिंगल सेल, एलएम ३१७ बेस्ड' असं लिहून कुणी विकत असेल तर पुढे बोलूच नका.

चांगला ड्रायव्हरही टॉर्चच्या धातूच्या नळीत डायोड मारू शकतो. लेझर डायोडचं कवच आतून एका पायाला जोडलेलं असतं, कधी धन, कधी ऋण. नळी सहसा बॅटरीची ऋण बाजू असते. कवच ऋण असलेला डायोड पितळी मोड्यूलमधून नळीला टेकला की वरचा ड्रायव्हर बाजूलाच राहतो आणि सेल थेट डायोडवर येतो. कवच धन असेल तर सेलच शॉर्ट. मोड्यूलला वीज अडवणारी कॅप्टॉन टेप गुंडाळा आणि सेल घालण्याआधी मोड्यूल व नळी यांच्यात कंटिन्यूइटी तपासा. बीप आला नाही पाहिजे. ड्रायव्हरवर कपॅसिटर असेल तर डायोड जोडण्याआधी तो रिकामा करा, आणि सोल्डर करताना डायोडचे पाय बारीक तारेने एकत्र बांधून ठेवा. ५ मिलिवॉट डोळ्याला कमी नसतात. आणि उलव्याच्या बाजूला आता विमानतळ आहे, किरण आकाशात नेऊ नका.

पैसे गेलेच असतील तर चॅट, 'फिक्स ३५' म्हटलेला मेसेज, यूपीआयचा यूटीआर क्रमांक आणि नकली लोडचा व्हिडिओ जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि तो फोन जितका लवकर तितका बरा. ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बोर्ड आहे तसा ठेवा. त्यावर स्वतःचं सोल्डर चढवलंत की समोरचा पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवेल.