स्केचअप: कन्सेप्ट टप्प्यासाठी उत्तम, पण शिस्त आपली आपण पाळायची

प्लॉट हातात आलाय, गरजांची यादी अर्धवट आहे आणि आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, एमईपी (वातानुकूलन, वीज, पाणी) सल्लागार पहिल्यांदा एकत्र बसणार आहेत. अशा वेळी स्केचअपइतकं झटपट थ्रीडी मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर दुसरं नाही, असं आमचं ठाम मत आहे. बैठक चालू असतानाच पुश-पुलने (पृष्ठभाग ओढून उंची देणारं साधन) मजला वाढवून दाखवता येतो.

सुरुवात मात्र नीट करावी लागते. सर्व्हेची डीडब्ल्यूजी (कॅड रेखाटनाची फाइल) आणण्याआधी कॅडमध्येच हॅच (भरणीच्या रेघा) आणि मजकूर काढून टाका, रेखाटन शून्य बिंदूजवळ आणा. सर्व्हेचे मूळ कोऑर्डिनेट्स तसेच ठेवले, तर मॉडेल या शून्य बिंदूपासून फार लांब पडतं. पृष्ठभाग लुकलुकतात, फिरवताना कापले जातात. इम्पोर्ट करताना एकक तपासा. रस्ता आडवा दिसावा म्हणून साइट फिरवू नका. सावल्या हिरव्या अक्षाला उत्तर धरतात, त्यामुळे साइट जितकी फिरवाल तितका सावल्यांचा अभ्यास चुकतो.

एक मजला कंपोनंट करा, मूव्ह आणि कंट्रोलने ३६०० मिमी वर कॉपी घ्या आणि लगेच *९ टाइप करा: दहा मजले उभे. एकात बदल केला की सगळ्यांत होतो. वेगळा मजला हवा असेल तर आधी 'मेक युनिक'. टॅग (भाग दाखवण्या-लपवण्याचं लेबल) ग्रुपलाच द्या, आतल्या रेषा 'अनटॅग्ड'वरच राहू द्या. नाहीतर टॅग बंद केल्यावर निम्मी भिंत गायब होते. मापाआधी ~ चिन्ह दिसलं तर ते माप अचूक नाही, कुठेतरी कोपरा सरकलेला असू शकतो. क्षेत्रफळ एंटिटी इन्फो या माहितीच्या चौकटीत मिळतं, पण निवडलेल्या पृष्ठभागाचंच. लिफ्ट आणि जिन्याची पोकळी आधी कापलेली नसेल, तर आकडा फुगतो आणि तोच क्लायंटच्या तक्त्यात जातो.

खरी अडचण उंचीची. मॉडेलमध्ये ३६०० मिमीचा मजला ऐसपैस दिसतो. त्यातून स्लॅबसह बीम ६००, हवेचा डक्ट ४००, फॉल्स सीलिंग आणि दिवे १५०, फ्लोअरिंग ७५ वजा करा: उरतात २३७५. सॉफ्टवेअर याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून बीम आणि डक्टचे साधे ठोकळे पहिल्याच आठवड्यात मॉडेलमध्ये टाका आणि सेक्शन प्लेनने कापून इंजिनिअरला दाखवा. हे राहिलं तर मजल्याची उंची नंतर वाढते, आणि तिच्यासोबत जिन्याच्या पायऱ्या, रॅम्प, इमारतीची एकूण उंची, सगळंच पुन्हा मांडावं लागतं.

कॉलम ग्रिड (खांबांची मांडणी) ठरली की स्केचअपमधून बाहेर पडा. त्यातल्या भिंतीला आपण भिंत आहोत हे आपोआप कळत नाही. रेव्हिटमध्ये (इमारतीच्या तपशीलवार मॉडेलचं सॉफ्टवेअर) नेली तरी ती नुसता आकारच राहते. तिथे नव्याने काढणंच कमी कटकटीचं. मोफत वेब आवृत्तीवर टीमने विसंबू नये: ती व्यावसायिक कामासाठी नाही, आणि डीडब्ल्यूजीही घेत नाही.