फिरायला कुठे, तुवालू की किरिबाटी?

प्रशांत महासागरातले हे दोन्ही देश एकेकाळी एकाच ब्रिटिश वसाहतीत होते. तुवालू १९७८ साली स्वतंत्र झाला, किरिबाटी १९७९ साली. (उच्चार ‘किरिबास’. तिथल्या भाषेत ‘टी’चा ‘स’ होतो.) दोन्हीकडे ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो, बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. साम्य जवळपास इथवरच.

तुवालू म्हणजे नऊ बेटं, सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर, माणसं साधारण अकरा हजार. राजधानी फुनाफुतीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेली. विमान यायचं असलं की भोंगा वाजतो. एरवी संध्याकाळी तिथे पोरं फुटबॉल खेळतात, कुणी चटई टाकून गप्पा मारत बसतं. दोन-तीन दिवसांत बेट पाहून होतं, मग निवांत बसायची तयारी हवी.

किरिबाटीचा पसारा मात्र अफाट. राजधानी तारावाहून त्याच देशाच्या पूर्वेकडच्या किरितिमाती बेटावर जायचं तर तीन हजारांहून जास्त किलोमीटर! १९९५ साली त्यांनी वाररेषाच सरकवून घेतली, नाहीतर एकाच देशात दोन वार चालायचे.

शेती दोन्हीकडे खड्ड्यातली. गोड्या पाण्यापर्यंत खणून त्यात आपल्या अळूच्या कुळातला कंद लावतात: तुवालूत पुलाका, किरिबाटीत बाबाई. खारं पाणी शिरलं की कंद कुजतो.

पहिल्याच खेपेला जाणाऱ्याने तुवालू निवडावं, असं माझं मत. सुट्टी महिनाभराची असेल आणि विमानं चुकली तरी डोकं शांत राहत असेल, तर किरिबाटी.