टॅटू प्रदर्शनाच्या परवान्यासाठी ८७,४०० रुपये देऊन बसलो, तुम्ही देऊ नका

पुण्यात दोन दिवसांचं टॅटू प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. ३८ स्टॉल बुक झाले, प्रत्येकी ६,५०० रुपये. हॉलच्या मॅनेजरनेच 'परवानग्या करून देणाऱ्या' माणसाचा नंबर दिला. असले लोक कसे काम करतात ते तुम्हाला ठाऊक आहेच, त्यामुळे त्याच्या गोड बोलण्याचं वर्णन करत नाही. आकडे सांगतो. टोकन १५,०००. पोलीस परवाना २८,५००. फायर एनओसी १९,९००. आणि 'आरोग्य विभागाचा टॅटू परवाना' २४,०००. एकूण ८७,४००.

हा टॅटू परवान्याचा २४,००० चा आकडा आठवला की अजूनही डोकं फिरतं. आपल्याकडे टॅटू काढण्यासाठी वेगळा कायदाच नाही. वापरलेल्या सुयांची विल्हेवाट, स्टॉलवरची स्वच्छता याबद्दल विचारणा होऊ शकते, पण 'टॅटू परवाना' नावाचा कागद मी तरी आजवर कुठल्याच स्टुडिओच्या भिंतीवर पाहिलेला नाही. हे मला माहीत होतं. पण चाळीसेक आर्टिस्ट एका छताखाली लोकांच्या अंगावर सुया चालवणार म्हटल्यावर वेगळी परवानगी लागत असेल, असं कुणालाही वाटेल. खात्री करायला वॉर्ड ऑफिसात गेलो, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं आणि शेवटी 'एजंट नाही का तुमच्याकडे?' असं विचारलं. सरकारी माणूसच एजंटचं नाव काढतो, तिथे मी संशय कुणाचा घ्यायचा?

तरी एक क्षण होता. त्याने व्हॉट्सॲपवर पोलीस परवान्याच्या फीचा क्यूआर कोड पाठवला. वर 'महाराष्ट्र शासन' लिहिलेलं, स्कॅन केल्यावर मात्र एका बाईचं नाव आलं. मी फोन केला. तो म्हणाला, 'साहेब, साइट बंद आहे, मी आमच्या ऑफिसच्या खात्यातून चलन भरतो, पावती संध्याकाळी.' बोट पैसे पाठवायच्या बटणावर होतं माझं! बॅनर छापून झाले होते, हॉलचे १,१०,००० भरले होते, नागपूरहून येणाऱ्या पोरांची रेल्वेची तिकिटं निघाली होती. पैसे पाठवले. तेव्हा ते नाव दिसूनही थांबलो नाही, याचा राग अजून जात नाही.

शासनाच्या तिजोरीत ऑनलाइन भरलेल्या पैशाच्या चलनावर जीआरएन म्हणजे सरकारी पावतीचा क्रमांक असतो, तो 'ग्रास' या राज्य शासनाच्या पैसे भरण्याच्या संकेतस्थळावर टाकून बघा. महापालिकेची फी महापालिकेकडेच भरायची असते. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही सरकारी फी म्हणून जात नाही.

कागद आले. शिक्का, सही, लेटरहेड सगळं होतं. फायरच्या पत्रावर जावक क्रमांकाची जागा कोरी आणि तारीख रविवारची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पोलीस हॉलवर आले, कागद पाहिले आणि म्हणाले, 'हे आमचं नाही.' प्रदर्शन बंद. आर्टिस्टना मी २,४७,००० परत केले, हॉलचे बुडाले.

आता खरा संताप. पोलीस ठाण्यात सांगितलं गेलं की हा दिवाणी वाद आहे, वकील करा. महापालिकेच्या बनावट शिक्क्याचा कागद समोर ठेवलाय आणि दिवाणी वाद? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, ३३६ बनावट दस्तऐवजाचं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. हे बोललो तर 'जास्त शिकलेले दिसताय' हे ऐकावं लागलं. फायर विभाग म्हणे, पत्र आम्ही दिलेलंच नाही तर आम्ही तक्रार कशाला करू? तुमच्याच नावाचं खोटं पत्र बाजारात फिरतंय, म्हणून करा! बँक म्हणे पोलिसांचं पत्र आणा, मग खातं गोठवू. पोलीस म्हणे आधी बँकेचा तपशील आणा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिला प्रश्न आला, 'पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले ना?' फसवल्या गेलेल्या माणसाने पैसे स्वतःच पाठवलेले असतात, एवढंही यांना समजावून सांगायचं?

ठाण्यात गुन्हा नोंदवत नाहीत तेव्हा वरिष्ठांना लिहिता येतं, म्हणून शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवली. पोचपावती जपून ठेवा, तोंडी बोलण्याला तिथे किंमत नाही. १९३० ला फोन त्याच तासात करा. पैसे पुढच्या खात्यात सरकले की मागे येणं अवघड. आणि हॉलवाल्याने दिलेल्या नंबरवर तर अजिबात जाऊ नका, माझ्या हॉलच्या मॅनेजरने आता फोन उचलणं बंद केलंय.

गेल्या आठवड्यात हस्तकलेचं प्रदर्शन भरवणाऱ्या एका मुलीने तिच्या एजंटचा नंबर दाखवला. तोच नंबर, नाव दुसरं. टोकनचे १५,००० तिने सकाळीच भरले होते. तिथेच तिला १९३० लावायला लावला आणि माझ्या तक्रारीची प्रत तिच्या हातात दिली.