फ्रीलान्सरचा भविष्य निर्वाह निधी: पीपीएफ खात्याचे परीक्षण

नोकरदाराच्या मूळ वेतनातून दरमहा १२ टक्के रक्कम भविष्य निर्वाह निधीसाठी कापली जाते आणि मालकही तेवढाच वाटा उचलतो. घरबसल्या अनुवाद करणाऱ्याला किंवा अ‍ॅपवर नोंदणी करून गाडी चालवणाऱ्याला हा दुसरा वाटा भरणारे कोणीच नसते. खरे तर कामाचा दर सांगतानाच तो त्यात धरायला हवा, पण आपल्याकडे दर ठरतो तो दुसरा किती कमी मागतो त्यावरून. अशा माणसासाठी सरकारने १९६८ पासून चालवलेली सोय म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, अर्थात पीपीएफ. टपाल कार्यालयात किंवा बँकेत हे खाते उघडता येते आणि नियम दोन्हीकडे सारखेच असतात. महिन्याला ठरलेली रक्कम हाती येईलच याची खात्री नसलेल्या माणसाला ते कितपत मानवते, एवढाच प्रश्न मी इथे तपासतो आहे.

या खात्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते हप्ता मागत नाही. आर्थिक वर्षात किमान ५०० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये, एवढीच अट आहे. त्या मर्यादेत ५० रुपयांच्या पटीत कितीही वेळा भरणा करता येतो. टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीशी तुलना केली की हा फरक नीट लक्षात येतो. तिथे एक हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे एक रुपया दंड लागतो आणि लागोपाठ चार हप्ते चुकल्यावर पुढचा हप्ता येईपर्यंतही सावरले नाही, तर खाते खंडित होते. ज्याचे बिल कधी पंधरा दिवसांत तर कधी तीन महिन्यांनी वटते, त्याने दरमहाच्या हप्त्याला स्वतःला का बांधून घ्यावे? पीपीएफमध्ये अख्खे वर्ष कोरडे गेले तरी ५०० रुपयांत खाते जिवंत राहते. तेवढेही भरले नाहीत, तर वर्षामागे ५० रुपये दंड आणि थकलेले ५०० रुपये भरून ते पुन्हा चालू करता येते.

व्याजाचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे. अर्थ मंत्रालय दर तिमाहीला त्याचा आढावा घेते, त्यामुळे पुढची पंधरा वर्षे हाच दर राहील असे धरून चालणे बरोबर नाही. २००० च्या आधी हाच दर १२ टक्के होता. व्याज मोजण्याची पद्धत मात्र आपल्यासारख्यांना जरा गैरसोयीची आहे. महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज धरले जाते. म्हणजे १२,००० रुपये ५ तारखेच्या आत भरले तर त्या महिन्याचे सुमारे ७१ रुपये व्याज पडते आणि ६ तारखेला भरले तर काहीच नाही. ग्राहकाचे पैसे १० तारखेला आले तर ते लगेच भरण्यात फायदा नसतो. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत ते बचत खात्यात ठेवावेत, तेवढाच अडीअडचणीला आधार राहतो.

आता दोषांकडे वळू. हे खाते म्हणजे गल्ला नव्हे, आणि ते तसे वापरायला जाणाऱ्याची निराशा होईल. मुदत म्हणायला पंधरा वर्षांची आहे, पण ती मोजली जाते खाते उघडलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून. जून २०२४ मध्ये उघडलेले खाते एप्रिल २०४० मध्ये पूर्ण होते. अशा खात्यावर पहिले कर्ज एप्रिल २०२६ नंतर मिळते आणि तेही मार्च २०२५ अखेरच्या शिलकीच्या २५ टक्क्यांपर्यंतच. पहिल्या वर्षी ६०,००० जमले असतील, तर हाती साधारण १५,००० येतात. व्याज मात्र अगदी कमी आहे: ३६ महिन्यांत फेडल्यास वर्षाला १ टक्का, त्यापुढे गेल्यास ६ टक्के. अंशतः रक्कम काढण्याची मुभा एप्रिल २०३० पासून, वर्षातून एकदा, आणि चार वर्षे आधीच्या किंवा आदल्या वर्षअखेरच्या शिलकीपैकी जी कमी असेल तिच्या निम्म्यापर्यंत. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा अल्पमुदतीच्या ठेवीत बाजूला पडेपर्यंत पीपीएफमध्ये वर्षाला ५०० रुपयांच्या वर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काम नसलेल्या महिन्यांत क्रेडिट कार्डावर घर चालवायचे आणि इकडे ७.१ टक्के मिळवायचे, ही काटकसर नव्हे.

करसवलतीची जाहिरात आता तपासून घ्यायला हवी. भरलेल्या रकमेची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर द्यावा लागत नाही, त्यामुळे बहुतेक छोट्या फ्रीलान्सरांना त्या वजावटीचा उपयोग उरलेला नाही. व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे, पण ज्याला करच पडत नाही त्याला त्याचेही विशेष कौतुक नसावे. या खात्याची निवड करायची ती सरकारी हमीसाठी. बँकेतल्या ठेवींना विम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंतच असते, इथे तशी मर्यादा नाही. शिवाय खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने ही रक्कम जप्त करता येत नाही. धंदा आणि घर यांचे पैसे कायद्याच्या दृष्टीने वेगळे नसलेल्या माणसाला ही तरतूद मोलाची वाटावी.

पंधरा वर्षांनंतरची सोय मला सर्वांत आवडते. खाते पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. नवा भरणा न करता वाढवले, तर शिलकीवर व्याज चालू राहते आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. निवृत्तीची तारीखच नसलेल्या माणसाला हे घरगुती निवृत्तिवेतनासारखे वापरता येईल. भरणा चालू ठेवायचा असेल, तर मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. तो न देता भरलेल्या पैशांवर व्याज मिळत नाही.