गावाच्या आरोग्याचा आराखडा: घरोघर सर्वेक्षण, गावफेरी की जनसुनवाई?

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आरोग्याखाली काय मागायचं, हे ज्यांना येत्या दोन-तीन महिन्यांत ठरवायचं आहे, त्या सरपंचताईंसाठी, ग्राम आरोग्य समितीच्या सदस्यांसाठी आणि बचत गटांतल्या बायांसाठी हे लिहिते आहे. बहुतेक गावांत हा रकाना मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून भरला जातो. धूरफवारणी, एक शिबिर, उपकेंद्राला रंग. गावाला खरंच काय दुखतंय ते विचारायच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही मी बीड-धाराशिवच्या गावांत चालून पाहिल्या आहेत. तिन्हींचा गुण वेगळा, तशी तिन्हींची खोडही वेगळी.

घरोघर सर्वेक्षण सगळ्यांना आवडतं, कारण त्यातून आकडे येतात आणि आकडे दाखवले की तालुक्याला कुणी वाद घालत नाही. पण आधी कष्टाचा हिशोब करा. दोनशे घरं आणि दर घरी वीस मिनिटं धरली तर सदुसष्ट तास होतात. चार बायांच्या दोन जोड्या रोज चार तास फिरल्या तरी आठ-नऊ दिवस जातात. मग भरलेले कागद मोजायचे. माझ्या अनुभवात मोजणीला फिरण्याइतकाच वेळ लागतो आणि निम्म्या गावांतले कागद तिथंच अडकतात, कपाटात जातात. म्हणून सर्वेक्षण करायचंच असेल तर प्रश्न दहाच्या वर नेऊ नका.

मी केलेलं पहिलं सर्वेक्षण जानेवारीतलं, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावातलं. निम्म्याहून जास्त घरांना कुलूप होतं. माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला, साखर कारखान्याला गेलेली. मागे म्हातारीकोतारी आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी पोरं. आम्ही प्रामाणिकपणे उघडी घरं मोजली. कागदावर गावाची मोठी दुखणी आली गुडघे आणि मोतीबिंदू. त्यावरून समितीनं डोळ्यांचं शिबिर घेतलं. ते चुकीचं नव्हतं, पण पुढच्या पावसाळ्यात त्याच घरांत बसले तेव्हा तरण्या बाया एकेक करून सांगू लागल्या. अंगावर पांढरं जातं, लघवीला जळजळ होते, कंबर धरते, उसाच्या फडात आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. आमच्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. त्या गावातली आमची चूक मला अजून लागते, कारण आराखडा तोवर मंजूर झाला होता.

गावफेरीला एक दिवस पुरतो. सकाळी आशाताई, अंगणवाडीताई, गावच्या पाण्याची काळजी घेणारा जलसुरक्षक आणि प्रत्येक वस्तीतल्या दोन बाया यांच्यासोबत पाण्याच्या टाकीपासून निघायचं, शेवटच्या नळापर्यंत जायचं. मग जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा: आड, बोअर, गटारं, व्हॉल्व्ह, जुलाब झालेली घरं. एका गावात जुलाबाची सगळी घरं पाइपलाइनच्या टोकाला एका रांगेत आली आणि रांगेच्या सुरुवातीला गटारात बुडालेला व्हॉल्व्ह होता. दोनशे घरांत जुलाबाचा प्रश्न विचारला असता तर किती जणांना झाला ते कळलं असतं. कुठून आला ते रांगोळीनं दाखवलं.

नकाशा कुठं काढता याला मात्र फार महत्त्व आहे. मारुतीच्या पारापुढं काढला तर काही वस्त्यांतल्या बाया लांब उभ्या राहतात, हातात रांगोळी घेत नाहीत. तांड्यावरच्या तर येतच नाहीत. जिल्हा परिषद शाळेचं मैदान बरं, आणि तांड्याचा नकाशा तांड्यावरच काढावा. दुसरं, क्षयरोगाचा किंवा एचआयव्हीचा रुग्ण असलेलं घर सगळ्यांच्या नकाशावर कधीही दाखवू नका. पुसलेली रांगोळी लोकांच्या लक्षात राहते.

फेरीची खोड म्हणजे मोठा आवाज. ज्याच्या दारापुढचं गटार तुंबलंय तो सर्वांत जास्त बोलतो. आणि जे दुखणं डोळ्यांना दिसत नाही, रक्तदाब, साखर, बाईचं अंगावर काढलेलं दुखणं, ते फेरीत सापडत नाही.

जनसुनवाईची वाट आपल्याकडे नवी नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मराठवाड्यातला उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, होता. गावातले लोक उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे गुण देतात आणि मग भर सभेत अधिकाऱ्यांसमोर ते मांडतात, हीच जनसुनवाई. औषधं बाहेरून आणायला लावतात, बाळंतिणीला गाडी मिळत नाही, दवाखाना दुपारनंतर बंद असतो, अशा गोष्टींना यासारखा उपाय नाही. पण यात सेवा मोजली जाते, आजार मोजला जात नाही. दवाखाना वेळेवर उघडा असूनही तिथं न जाणारी बाई या गुणांच्या कागदावर येत नाही. शिवाय हे घडवून आणायला गावाबाहेरचं कुणीतरी जाणतं माणूस लागतं. आणि नर्सबाईंना आधी न सांगता भर सभेत उभं केलं, तर पुढं वर्षभर त्या मनानं गावापासून तुटतात. साधारण पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र असतं. त्या बाईंकडं तुमच्यासारखी आणखी गावं असतात.

तिन्हींच्या आधी एक काम पैसे न लागता होण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीतली जन्म-मृत्यूची नोंद, आशाताईंची वही, अंगणवाडीतली वजनं आणि पाणी तपासणीचा अहवाल एका टेबलावर आणा. नांदेड आणि बीड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. दुसरा स्रोतच नसेल तर लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं जातं, त्यापुढं नाही. पोरांच्या दातांवरचे तपकिरी डाग लोक "दात किडले" म्हणून सोडून देतात आणि घरोघर विचारलं तरी कुणी ते आजार म्हणून सांगत नाही. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, त्यामुळे "पाणी उकळून प्या" हा आराखड्यातला नेहमीचा सल्ला इथं कामाचा नाही. बोअर बदलावी लागते. हे अहवालात दोन ओळींत लिहिलेलं असतं, तो कुणीतरी वाचायला हवा.

आता निवड. गाव दीडशे-दोनशे घरांचं असेल, माणसं मोजकी असतील, तर मी नोंदवह्या आणि गावफेरी सांगेन, आणि त्यातून जो एक प्रश्न मोठा निघेल तेवढ्यापुरतंच सर्वेक्षण. गाव मोठं, वाड्या-तांडे विखुरलेले, आणि तालुक्याकडून काही मोठं मंजूर करून घ्यायचं असेल तर पूर्ण सर्वेक्षणाला पर्याय नाही. तक्रार दवाखान्याचीच असेल तर जनसुनवाई.

आकडा आणि कारण एकाच वाटेनं क्वचितच मिळतात. बीडच्या ऊसतोड महिलांचंच पाहा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहाजणींत एक. हा आकडा घरोघर गेल्याशिवाय मिळाला नसता आणि त्यानंच सरकारला हलवलं. पण बाई पिशवी काढायला का तयार होते, हे कळायला तिच्याजवळ बसावं लागतं. खाडा पडला, म्हणजे एक दिवस कामाला गेलं नाही, की पैसे कापले जातात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, पाळीच्या दिवसांत फडात सोय नसते, आणि डॉक्टर "पुढं कॅन्सर होईल" म्हणून भीती घालतो. ज्या आराखड्यात फक्त आकडा आहे त्यात शिबिर येतं. कारण कळलं की उपचार शस्त्रक्रियेपर्यंत जायच्या आधी कुठं मिळतील, त्याचा विचार येतो.

पैशाचाही विचार पद्धत निवडतानाच करा. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांचा अबंधित, म्हणजे ठराविक कामाला न बांधलेला, निधी असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. म्हणजे फेरीत सापडलेल्या व्हॉल्व्हला, गटाराला, बोअरला पैसा निघू शकत होता. बायांच्या दुखण्याला ग्रामपंचायतीचा फारसा पैसा लागतही नाही. त्याला लागते एक तारीख: त्या बाया गावात असताना आरोग्य केंद्रातली बाई डॉक्टर येईल असा दिवस.

आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला. ज्या गावांतून कोयते जातात तिथं या दोन तारखांच्या मधे निम्मं गाव निघून जातं. म्हणून कुठलीही वाट निवडा, ती पितृपंधरवड्यात उरका. त्या दिवसांत लग्नकार्यं नसतात, नवरात्रात तुळजापूरला चालत जाणाऱ्या बाया अजून घरी असतात. सोयाबीनची काढणी आधीच लागली असेल तर संध्याकाळी बसा. मजुरांना ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाला विचारा, यंदा गाड्या कधी लागणार. तो जी तारीख सांगेल तिच्या आधी महिला ग्रामसभा घ्या, नर्सबाईंना बोलवा आणि पुरुषांना थोडा वेळ शाळेच्या फाटकाबाहेर थांबायला सांगा.