बारा ट्यूबांचा ‘पोर्ट्रेट’ ग्वाश संच : अकरा कामाच्या, एक ‘त्वचा’

आधीच सांगते, हा संच मी कुणाचं पोर्ट्रेट काढायला घेतला नव्हता. डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला सहा आठवड्यांचं एक प्रोजेक्ट होतं. स्वतःची ओळख करून द्यायची. पण चेहरा काढायचा नाही, अक्षर लिहायचं नाही, फोटो चिकटवायचा नाही. पाच सेंटिमीटरचे २४ चौकोन आणि प्रत्येकात एकच सपाट रंग. तोही स्क्रीनवरून उचललेला नको, हाताने कालवलेला हवा. ऐकलं तेव्हा वाटलं, दोन रात्रींत उरकेल.

सपाट रंग म्हटला की ग्वाश. जलरंगासारखाच गोंदात घोटलेला असतो, पण खालचा कागद दिसू देत नाही आणि वाळला की चकाकत नाही. माझ्याकडे नेहमीच्या लाल-पिवळ्या-निळ्या ट्यूब होत्याच. पण काम स्वतःवरचं, म्हणून ऐटीत ‘पोर्ट्रेट’ लिहिलेला संच घेतला. १२ मिलीच्या १२ ट्यूब : पांढरा, काळा, यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, इंडियन रेड, क्रिमसन, अल्ट्रामरीन, ग्रीन अर्थ आणि बारावी ‘त्वचा’. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असल्या नावाची ट्यूब विकणारी ती एकटी नाही. क्रेयोला या खडूंच्या कंपनीने आपल्या ‘फ्लेश’ म्हणजे ‘कातडी’ खडूचं नाव बदलून ‘पीच’ केलं ते १९६२ साली. माझी ट्यूब बहुतेक त्याआधीच निघाली असावी आणि वाटेत कुठेतरी अडकून पडली असावी.

पहिल्याच दिवशी ती उघडून मनगटावर ठिपका दिला. फिकट गुलाबी, पावडर थापल्यासारखा. हात माझा आणि ठिपका कुणा तिसऱ्याचाच. झाकण लावलं आणि ट्यूब खोक्याच्या तळाशी टाकली.

उरलेल्या अकरा ट्यूबांबद्दल मात्र चांगलं बोलायला पुष्कळ आहे. मातीचे रंग उत्तम आहेत. ट्यूबवर रंगद्रव्याचा कोड छापलेला आहे, ही मोठी सोय. स्वस्त संचांत तो बऱ्याचदा नसतो आणि मग आपण नेमकं काय कालवतोय हे कळत नाही. गंमत म्हणजे दोन सिएना आणि दोन अंबर, चारही ट्यूबांवर एकच कोड आहे : पीबीआर ७. मला वाटलं, छापताना चूक झाली. चूक नव्हती. चारही लोहयुक्त माती. अंबरमध्ये मँगनीजही असतं म्हणून ती जास्त काळपट. आणि ‘बर्न्ट’ म्हणजे खरोखरच भाजलेली. भाजल्यावर मातीतल्या पिवळ्या लोहसंयुगातलं पाणी उडून जातं आणि ती तांबूस होते. हे कळल्यावर रॉ आणि बर्न्ट शेजारी शेजारी लावून मी उगाचच बराच वेळ बघत बसले होते.

तक्रारी दोन. काही ट्यूबांमध्ये गोंद वेगळा सुटलेला होता. झाकण उघडलं की आधी पिवळट चिकट पाणी बाहेर येतं, रंग मागून. उघडण्याआधी ट्यूब बोटांत चांगली मळून घ्या. आणि झाकणं. आट्यांत रंग राहिला की दुसऱ्या दिवशी ती हलत नाहीत. मी पक्कड लावून ऑकरच्या ट्यूबची मान पिळवटून टाकली, मग कुणीतरी सांगितलं की झाकण मिनिटभर कोमट पाण्यात धरलं की सुटतं. सुटतं.

आता कोपर. मला पहिला चौकोन माझ्या कोपराचा हवा होता, कारण तिथला रंग मी आजवर कधी नीट पाहिलाच नव्हता. मॅडमनी एक युक्ती दिली होती : करड्या कार्डाला छोटं भोक पाडायचं, ते त्वचेवर धरायचं आणि फक्त भोकातला रंग बघायचा. आजूबाजूचा हात दिसेनासा झाला की मेंदू ‘हा हात आहे’ म्हणायचं सोडतो. जन्मभर मी सावळी. ‘सावळी’ या शब्दात मला नेहमी काळ्याकडे झुकणारं, किंचित निळसर असं काहीतरी दिसायचं. भोकातून बघितलं तर चक्क नारिंगी! मळका, दबलेला, पण नारिंगीच. मग मैत्रिणीचा हात धरला. ती गोरीपान. तोही नारिंगीच, फक्त उजळ आणि जरा फिका. माणसांच्या कातडीत रंगाचा पट्टा तसा अरुंदच आहे. मोठा फरक पडतो तो गडद-उजळाचा. मॅडमनी आम्हाला बायरन किम या चित्रकाराचं काम दाखवलं होतं. १९९१ पासून तो एकेका माणसाच्या त्वचेचा एकच रंग एकेका छोट्या फलकावर लावतोय आणि ते फलक ओळीने मांडतोय. वर्गात बघताना मला ते टाइल्सच्या दुकानातल्या नमुन्यांसारखं वाटलं होतं. कोपर कालवायला घेतलं आणि तोंड बंद झालं.

कारण कोपर जमेना. आधी मी सगळे करतात तीच चूक केली : तपकिरी गडद करायला काळा घातला. काळा आणि ऑकर एकत्र आले की शेवाळी हिरवा होतो, आणि माझं कोपर चार दिवस आजारी दिसत होतं. उजळ करायला पांढरा घातला तर खडूसारखं निर्जीव. शेवटी जमलं ते बर्न्ट सिएना, थोडा ऑकर आणि सुईच्या टोकावर मावेल इतका अल्ट्रामरीन यांनी. पांढरा अगदी नावाला. संचातला काळा त्यानंतर मी शिवलाही नाही. गडद हवं असेल तर बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन. तो काळा जिवंत असतो.

मग वाळण्याची भानगड. ग्वाश ओला असताना एक असतो, वाळला की दुसराच. उजळ छटा वाळून गडद होतात, गडद छटा उजळतात. ओला रंग कोपराशी जुळला म्हणून नाचावं, तर हेअर ड्रायर फिरवल्यावर शेजाऱ्याचं कोपर. हा दोष या संचाचा नाही, ग्वाशची जातच तशी. पण संच नवीन माणसाला विकता तर खोक्यावर एक ओळ छापायला काय जातं? प्रत्येक मिश्रणाची पट्टी लावायची, वाळवायची, मगच ताडून बघायची. माझ्या एकट्या कोपराच्या ३१ पट्ट्या झाल्या. त्यातली जी रात्री दिव्याखाली तंतोतंत जुळली, ती सकाळी खिडकीशी नेली तर हिरवट. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फटकून वागतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. ‘तुझा रंग कोणता’ या प्रश्नाला ‘किती वाजता?’ असं विचारावं लागेल, हे मला माहीतच नव्हतं.

त्या ३१ पट्ट्यांतल्या दहा मी उजळ ते गडद अशा टेबलावर मांडल्या आणि आईला विचारलं, “यातली मी कोणती?”

आईने चौथी उचलली. मी म्हटलं, “आई, ही फार उजळ आहे गं.”

“तू उजळच आहेस. उन्हातून आलीस की तेवढी काळवंडतेस.”

मैत्रिणीने आठवी उचलली. मी स्वतः सहावीवर बोट ठेवलं होतं. मग कार्डाचं भोक लावून तपासलं. जुळत होती ती सातवी. मी तिन्ही माणसांचे चौकोन ठेवले, सातवा ठेवलाच नाही. फोनवरच्या इमोजींना २०१५ मध्ये पाच त्वचारंग मिळाले. ते ज्या फिट्झपॅट्रिक मापनावरून घेतले ते १९७५ चं, आणि मुळात कुणाची कातडी उन्हात भाजते, कुणाची रापते एवढंच बघण्यासाठी केलेलं. आई तिच्या फोनवर माझ्यासाठी कोणता अंगठा निवडते हे त्या दिवशी चोरून बघितलं. पिवळाच. तिला बाकीचे आहेत हेच माहीत नव्हतं.

पहिल्या क्रिटला, म्हणजे वर्गापुढे काम मांडून त्यावर मतं ऐकायची त्या दिवशी, मी तळवा, ओठ, टाच, पापणी असे सगळे तपकिरी-गुलाबी चौकोन मांडले. मॅडम खूप वेळ बघत राहिल्या, म्हणाल्या, “कातडी झाली. आता तू कुठे आहेस?” उत्तर नव्हतं. चिडून सायकल हाणत घरी निघाले आणि वळणावर पडले. गुडघा खरवडला, नडगीवर हे एवढं काळंनिळं.

प्रोजेक्टचं सोनं तिथे झालं. तो वण मी दहा दिवस रोज कालवला. पहिल्या दिवशी जांभळट तांबडा : क्रिमसन, अल्ट्रामरीन, चिमूटभर इंडियन रेड. तिसऱ्या दिवशी जवळपास शाई. पाचव्या-सहाव्या दिवशी कडांना हिरवा आला, आणि खोक्यात इतके दिवस पडून असलेला ग्रीन अर्थ, ज्याला मी ‘पोर्ट्रेटमध्ये हिरवा कशाला’ म्हणून हसले होते, तो कामाला आला. जुने इटालियन चित्रकार चेहरा रंगवताना कातडीखाली हाच हिरवा लावत; वरचा गुलाबी उडाला की काही जुन्या चित्रांतले चेहरे हिरवे दिसतात ते त्यामुळे. माझ्या नडगीतला हिरवा बिलिव्हर्डिनचा. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडलं की आधी तो हिरवा तयार होतो, मग पिवळा बिलिरुबिन. नवव्या दिवशी ऑकर जवळजवळ थेट ट्यूबमधून लावला. या संचात माझा सगळ्यात आवडता चौकोन तोच : फिका, मळकट पिवळा, कुणाला सांगूनही खरा वाटणार नाही असा.

पाचपैकी साडेतीन तारे. एक झाकणांसाठी कापला, अर्धा बाराव्या ट्यूबसाठी. कुणी मला विचारलं तर हा संच घेऊ नका म्हणेन. ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, क्रिमसन आणि पांढऱ्याची मोठी ट्यूब अशा सुट्या घ्या. ग्रीन अर्थ हवाच, पण तो इतका दुबळा आहे की जरा जास्तच पिळावा लागतो. कागद जाड घ्या आणि थर पातळ ठेवा, जाड थराला तडे जातात. माझ्या टाचेच्या चौकोनाला गेले, आणि तिथे ते शोभले म्हणून राहू दिले.

सबमिशनच्या आदल्या रात्री २३ चौकोन चिकटवून झाले होते. चोविसावा सुचेना. गुडघ्यावरची चिकटपट्टी बदलायला पाय वर घेतला, जुनी सोलून काढली, नवी लावली आणि थबकले. कार्डाचं भोक पट्टीवर धरलं. मग खोक्याच्या तळातून ‘त्वचा’ काढली, ठिपका दिला, वाळवला. दिव्याखाली जुळला. सकाळी खिडकीशी नेला, तिथेही जुळला. तो एकच चौकोन मला कालवावा लागला नाही.